टाके उसवतात ते घरी

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, असे सांगण्यात आले की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रुग्णालयाच्या दप्तरातील ते पान मिटते. परंतु पोटावरील छेदाचे भवितव्य त्यानंतरच ठरावयाचे असते. सिझेरियन किंवा गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणारा जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसत नाही. पुष्कळदा तो आठवडा उलटल्यावर डोके वर काढतो. तोवर स्त्री घरी गेलेली असते. म्हणूनच अशा संसर्गावर ३० दिवस लक्ष ठेवावे, असा वैद्यकातील संकेत आहे. ते घर सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर असले म्हणजे या संकेताचे काय होते, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यापुढे उभा आहे.

जखम चिघळली की दोष देण्यास दोनच गोष्टी सापडतात : शल्यविशारदाचा हात, नाहीतर बाईचा निष्काळजीपणा. वैद्यकशास्त्र मात्र कारणांची परंपरा बरीच मागे नेते. रक्तक्षय, मधुमेह, स्थूलता, लांबलेल्या कळा, गर्भजलाची पिशवी फुटल्यावर निघून गेलेले तास, पुनःपुन्हा झालेली अंतर्तपासणी, ऐनवेळी घाईने करावी लागलेली शस्त्रक्रिया, तिला लागलेला वेळ आणि तिच्यात वाहिलेले रक्त ही ती कारणे होत. यांपैकी कित्येक कारणे स्त्री रुग्णालयाच्या पायरीवर पोचण्यापूर्वीच तिच्या वाट्याला आलेली असतात.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून अडलेल्या बाईला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. नर्मदाकाठच्या काही वस्त्यांना तर नावेचाच आधार. या वाटेवर गेलेला प्रत्येक तास जखमेच्या खात्यावर जमा होतो. भिल्ल व पावरा समाजांत आढळणारा सिकलसेल हा आजार रक्तक्षय आणि जंतुसंसर्ग या दोहोंचा धोका वाढवितो. यास्तव गरोदरपणातील रक्ततपासणी आणि वेळेवर मिळालेले वाहन हीदेखील जखमेचीच निगा होय.

रुग्णालयाची जबाबदारी यामुळे हलकी होते, असे मात्र नव्हे. हात धुतल्याने बाळंतिणींचे मृत्यू टळतात, हे सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये व्हिएन्नात दाखवून दिले होते. चीर देण्यापूर्वी योग्य वेळी प्रतिजैविक द्यावे, वस्तऱ्याने केस काढू नयेत, शस्त्रक्रिया आटोपल्यावर केवळ भीतीपोटी प्रतिजैविके लांबवू नयेत, या जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या शिफारशी काही खर्चिक नाहीत. त्यांना यंत्रांपेक्षा शिस्त अधिक लागते. शिवाय जी शस्त्रक्रिया अनावश्यक, तिची जखमही अनावश्यक. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे नंदुरबारमध्येही आहेत, याचे विस्मरण होऊ नये.

बाईला टाके भरून येईपर्यंत रुग्णालयातच ठेवावे, असा उपाय सुचविणे सोपे आहे. परंतु खाटा मोजक्या असतात, आणि घरी दुसरी लेकरे व बुडणारी मजुरी तिची वाट पाहत असते. तेव्हा बाई थांबू शकत नसेल, तर देखरेखीनेच तिच्या घरी गेले पाहिजे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारावयास नको. नवजात बाळाच्या देखभालीसाठी आशा कार्यकर्तीने सिझेरियननंतर ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरभेट द्यावी, अशी योजना आहेच. त्याच भेटींत तिने आईच्या टाक्यांकडेही नियमाने पाहावे. ताप, लाली व सूज, पू किंवा पाणी, वाढती वेदना, टाक्यांची सुटलेली कड, एवढ्या खुणा तिला शिकविता येतील. त्या बाईला भिलोरीत वा पावरीत समजावून सांगता येतील. गर्भाशय काढलेल्या स्त्रीच्या वाट्याला मात्र या भेटीही येत नाहीत, कारण तिच्या मांडीवर बाळ नसते. ही उणीव प्रथम भरून काढली पाहिजे.

आणि आशा जे पाहील ते टाके घालणाऱ्या डॉक्टरांपर्यंत परत पोचले पाहिजे. पाड्यावर चिघळलेली जखम रुग्णालयाच्या दप्तरात नोंदलीच गेली नाही, तर तेथे सारे आलबेल आहे, असाच समज राहणार आणि पुढच्या बाईच्या वेळी काहीही बदलणार नाही. दप्तरातील ते पान शस्त्रक्रियेच्या दिवशी मिटता कामा नये. ते तिसाव्या दिवशी, जखम पाहिल्यावरच मिटावे.