पाच सेकंदांचा मुका साक्षीदार

आखातात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना एक आवाज ओळखीचा आहे. काटा १२०च्या पुढे सरकला की गाडी टिंग-टिंग करू लागते. आखाती देशांसाठी बनवलेल्या गाड्यांमध्ये ही सोय (काहींच्या मते गैरसोय) बरीच वर्षे आहे. भारतात ती नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९पासून. तिथे ८०ला अधूनमधून आणि १२०ला सतत इशारा वाजतो. इथल्या जुन्या मंडळींना विचारले तर ते हसून सांगतात, "अहो, आता तो आवाज ऐकूच येत नाही."

त्या एका घंटीचा आता पूर्ण वाद्यवृंद झाला आहे. लेन सुटली की स्टिअरिंग थरथरते. समोरची गाडी अचानक थांबली आणि आपण थांबलो नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते. डुलकी लागतेय असे वाटले की डॅशबोर्डवर कॉफीचा कप उमटतो. आणि हे सगळे चालू असताना गाडीच्या पोटात एक छोटा कारकून गुपचूप नोंदी ठेवत असतो, त्याची तर अनेकांना खबरही नसते.

या विषयावर गेले वर्षभर आपल्या मंडळातल्या अनेकांशी बोललो. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे आधीच सांगतो: नमुना लहान, निवड ओळखीपाळखीची, म्हणून टक्केवारी देणार नाही. पण मतांचे चार गट स्पष्ट दिसले. पहिला गट अनुभवींचा: "तीस वर्षे या रस्त्यांवर गाडी चालवतोय, आता हे यंत्र मला शिकवणार?" दुसरा आईवडिलांचा, ज्यांच्या मुलांना अठरा पूर्ण होताच लायसन्स मिळाले आहे: "असेल नसेल ते सगळे बसवा, आणि त्याचे अ‍ॅप माझ्या मोबाइलवर द्या." तिसरा त्या मुलांचा: "तंत्रज्ञान हवे, पण पाळत नको." चौथा गट कंपनीची व्हॅन किंवा ट्रक चालवणाऱ्यांचा. त्यांना कोणी मत विचारत नाही. त्यांच्यातला एक जण एवढेच म्हणाला, "गाडी त्यांची, नोंद त्यांची, पोट तेवढे माझे."

चारही गटांचे म्हणणे थोडे थोडे खरे आहे. म्हणूनच ते नीट वेगळे करून पाहायला हवे.

आधी इशाऱ्यांचे बघू. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था आहे. तिच्या अभ्यासात असे दिसले की टक्कर होण्याआधी इशारा देऊन स्वतः ब्रेक लावणाऱ्या गाड्यांनी पुढच्या गाडीला मागून धडकण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी होते. सीफकडे जाताना सकाळच्या गर्दीत जे छोटे अपघात आपण पाहतो, ते बहुतेक याच जातीचे. म्हणजे हे यंत्र शोभेचे नाही. पण त्याच संस्थेने दुरुस्तीला आलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा टक्कर टाळणारी यंत्रणा जवळजवळ सर्वांनी चालू ठेवलेली होती. लेनची मात्र सुमारे निम्म्याच गाड्यांत चालू होती. ड्रायव्हर मूर्ख नसतो. जे उपयोगी पडते ते तो ठेवतो, जे नुसते टोचत राहते ते बंद करतो.

त्यामुळे "लांडगा आला रे आला" ही गोष्ट गाडी बनवणाऱ्यांनीही वाचायला हवी. रस्त्यावर वाळू आली, पट्टा पुसट झाला, कॅमेऱ्याच्या काचेवर धुळीचा थर बसला की यंत्र गोंधळते. शमालचे वारे सुटल्यावर आपण पुढची काच पुसतो, कॅमेरा आणि सेन्सर पुसत नाही. आणि मग यंत्राला दोष देतो. युरोपात ७ जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा सुरू होते. मला हा तोडगा पटतो. आजचा कंटाळा उद्यावर लादू नये.

अनुभवींच्या आक्षेपातही तथ्य आहे. यंत्र टेकू म्हणून ठीक. त्यावर सगळा भार टाकला की चालणाऱ्याचे पाय लुळे पडतात. ब्रेक गाडी लावेल म्हणून मोबाइलवर मेसेज वाचणारा चालक यंत्र नसलेल्या गाडीतल्या सावध चालकापेक्षा धोकादायक आहे. पण तीस वर्षांचा अनुभव हा तीस वर्षांपूर्वीच्या डोळ्यांचा अनुभव नसतो. सत्तरी ओलांडलेला माणूस म्हणून सांगतो, मान पूर्ण वळवून मागे बघणे आता पूर्वीसारखे जमत नाही. आरशात न दिसणाऱ्या गाडीसाठी पेटणारा छोटा दिवा माझा अपमान करत नाही, मला मदत करतो.

आता त्या कारकुनाकडे. विमानातल्या ब्लॅक बॉक्सचा हा धाकटा भाऊ बहुधा एअरबॅगच्या नियंत्रकातच बसवलेला असतो. तो सतत नोंदत असतो आणि सतत पुसत असतो. टक्कर झाली की शेवटचे काही क्षण गोठवून ठेवतो. अमेरिकेच्या २००६च्या नियमात ही मुदत धडकेपूर्वीची पाच सेकंदे होती. २०२४ मध्ये ती वीस सेकंदांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. वेग किती, ब्रेक दाबला होता की नाही, अ‍ॅक्सिलरेटर किती, पट्टा लावला होता का, एअरबॅग केव्हा उघडली: एवढेच त्यात असते. तो गाडीतल्या गप्पा ऐकत नाही. युरोपच्या नियमानुसार तर ही माहिती निनावी ठेवावी लागते.

या नोंदींचे मोल महाराष्ट्राने पाहिले आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. त्या रात्रीपासून वाहिन्यांवर तर्कवितर्कांना ऊत आला. नंतर कंपनीने गाडीतली माहिती काढून पोलिसांना कळवले की धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक लावला गेला, तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या वेळी ८९. ज्यांचे प्राण गेले ते दोघेही मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. अफवा आणि आकडा यांतला फरक इथे दिसतो.

परक्या देशात हा फरक अधिक मोठा होतो. मायदेशी अपघात झाला तर चार नातेवाईक, दोन ओळखीचे, एखादा वकील धावून येतो. इथे चौकशीची भाषा अरबी, आपली इंग्रजी घाबरल्यावर तुटक, आणि पाहणारा साक्षीदार सिग्नल सुटताच निघून गेलेला. चूक कोणाची हा प्रश्न आपल्यासाठी फक्त दंडाचा नसतो. गंभीर अपघात असेल तर नोकरी, व्हिसा, प्रकरण मिटेपर्यंत देश सोडण्याची परवानगी, सगळेच त्याला बांधलेले असते. अशा वेळी ज्याला ना उच्चार आहे ना राष्ट्रीयत्व, ना ज्याला कोणाची भीड आहे, असा मुका साक्षीदार असणे परक्या माणसाच्या हिताचे आहे. तो कधी आपल्या विरुद्धही बोलेल. बोलू द्यावे. फक्त आपल्याच बाजूने बोलणारा तो साक्षीदार नव्हे, भाट.

मात्र त्याच्या मर्यादा विसरू नयेत. ब्रेक लागला नाही हे तो सांगतो. समोरून मावळतीचे ऊन डोळ्यांत गेले होते हे त्याला माहीत नाही. चाके घसरत असतील तर चाकांवरून मोजलेला वेग आणि गाडीचा खरा वेग वेगळे असू शकतात. 'काय झाले' याचा तो पुरावा आहे, 'का झाले' याचा निवाडा नाही. निवाडा माणसांनीच करायचा.

आता तरुणांचा आक्षेप: पाळत. त्यांचे म्हणणे रास्त आहे, पण बोट चुकीच्या डब्याकडे दाखवले जाते. पाच सेकंदांच्या पेटीची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही. भीती आहे ती इंटरनेटला जोडलेल्या गाडीची, जी रोज कुठे गेली, किती वाजता गेली, किती वेळा करकचून ब्रेक लागला हे कंपनीच्या संगणकाला कळवते. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये गाड्यांचे २५ ब्रँड तपासले, तेव्हा खासगीपणाच्या कसोटीवर एकही उत्तीर्ण झाला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत उघड झाले की जनरल मोटर्सच्या ग्राहकांच्या गाडी चालवण्याच्या सवयींची माहिती मध्यस्थांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होती. अनेकांना हे आपला हप्ता वाढल्यावर कळले.

म्हणून प्रश्न 'नोंद असावी का' हा नाही. 'नोंद कोणाची' हा आहे. अपघाताच्या पेटीतली माहिती गाडीच्या मालकाची, असे अमेरिकेने २०१५च्या कायद्यात लिहून ठेवले. बहरीनमध्येही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा (२०१८चा क्रमांक ३०) १ ऑगस्ट २०१९पासून लागू आहे. आपण गाडी घेताना व्याजदर तीन वेळा विचारतो, माहितीबद्दल एकदाही विचारत नाही. यापुढे विचारावे: गाडी कोणती माहिती बाहेर पाठवते, कोणाला पाठवते, ते बंद कसे करायचे? आणि कायमचे परत जाताना गाडी विकाल, तेव्हा तिच्यातली फोनबुक आणि घराचा पत्ता पुसून, अ‍ॅप तोडून मगच किल्ली द्यावी.

आईवडिलांना एक विनंती. मुलाच्या गाडीवर नजर ठेवायची असेल तर त्याला सांगून ठेवा, आणि मुदत घालून ठेवा. पहिले वर्ष, मग बंद. चोरून ठेवलेली नजर सापडते तेव्हा मूल गाडी नीट चालवायला शिकत नाही, फोन घरी ठेवून जायला शिकते.

शेवटी त्या चौथ्या गटाबद्दल, कारण त्यांच्या बाजूने फार कोणी लिहीत नाही. कंपनीच्या वाहनात नोंदयंत्र असायला माझी हरकत नाही. पण ते आहे हे चालकाला कामावर घेतानाच, त्याला कळेल त्या भाषेत सांगितले पाहिजे. वाद झाला तर नोंदीची प्रत त्यालाही मिळाली पाहिजे. आणि नोंद दोन्ही बाजूंनी वाचली पाहिजे. एकाच पाळीत झोपेचा इशारा चार वेळा वाजला तर तो चालकाचा गुन्हा म्हणून पगारातून कापायचा, की ती पाळी आखणाऱ्याला जाब विचारायचा? माझ्या मते तो कॉफीचा कप चालकाच्या डॅशबोर्डवर उमटतो तसा मॅनेजरच्या टेबलावरही उमटायला हवा. आपल्यापैकी कित्येक जण आज त्या टेबलामागे बसतात. कायद्याची वाट न पाहता एवढे त्यांना उद्यापासून करता येईल.

मंडळालाही एक सूचना. गणेशोत्सव आणि क्रीडास्पर्धा आपण उत्साहाने करतो. वर्षातला एक शुक्रवार 'आपली गाडी ओळखा' यासाठी ठेवू. तरुणांनी ज्येष्ठांना बटणे शिकवावीत, ज्येष्ठांनी तरुणांना संयम. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतो. नव्या गाड्यांत रडार पुष्कळदा पुढच्या जाळीत किंवा बोधचिन्हामागेच असते, हे माळ बांधताना किती जणांना ठाऊक असते? पूजा झाल्यावर माळ जरा बाजूला सरकवा. ज्याची पूजा करायची त्याला आंधळे करून रस्त्यावर नेऊ नये.

दिवाळीच्या सुटीत अनेक जण मुंबईला उतरतील आणि तिथून गाडीने पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला जातील. दमलेले, मागच्या सीटवर, मांडीवर बॅग घेऊन. त्या गाडीत कोणतेही नवे तंत्रज्ञान नसले तरी १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तयार केलेला आणि कंपनीने सर्वांसाठी खुला केलेला तीन टोकांचा पट्टा बहुधा असेलच. तो सीटच्या कव्हरखाली दडला असेल तर शोधा, लावा, आणि शेजाऱ्यालाही लावायला सांगा.

शुभ दीपावली.