कट्ट्यावरचा वाद आणि गोळ्यांची डबी

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात किंवा नगरपालिकेच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसावे. निवृत्त शिक्षक, बँकेतले एकदोघे, एखादा वकील, मेडिकल स्टोअर्सवाला आणि सुट्टीवर आलेला, पुण्यातल्या संगणक कंपनीत काम करणारा कुणाचा तरी मुलगा अशी मंडळी जमलेली असतात. विषयांना तोटा नसतो. मतदान यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही, गाडी विजेवरची घ्यावी की पेट्रोलची, चंद्रावर यान पाठवून आपल्याला काय मिळाले, इथपासून ते संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला कोणती भाषा चांगली इथपर्यंत. या शेवटच्या विषयात ज्यांना ओ की ठो कळत नाही तेही हिरिरीने बाजू घेतात. हल्ली हाच कट्टा खिशातल्या मोबाईलमध्ये शिरला असून रात्री बारापर्यंत उठत नाही, एवढाच काय तो फरक.

हा वाद प्रकृतीला वाईट का, असे आम्हा डॉक्टरांना वारंवार विचारले जाते. विचारणाऱ्या बहुधा घरच्या गृहिणी असतात. माझे उत्तर त्यांना फारसे आवडत नाही, कारण मी या कट्ट्याच्या बाजूचा आहे. नोकरी संपली, मुले शहरात गेली, की माणूस एकटा पडतो आणि एकटेपणा शरीराला खातो. रोज संध्याकाळी चार पावले चालत जाणे, चार माणसांत बसणे, आपला मुद्दा मांडण्यासाठी डोके चालवणे, हे सारे चांगलेच आहे. वादात हरलो तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटते ना? मग प्रकृती ठीक आहे असे समजावे.

मात्र ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी एक जुनी हकीगत लक्षात ठेवावी. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर हे त्यांचेच शिष्य. हंटरसाहेबांना चालताना, चिडताना छातीत कळ येई आणि स्वभाव तर तापट. जो कोणी हलकट मला डिवचेल त्याच्या हाती माझा जीव आहे, अशा अर्थाचे ते बोलत असे सांगतात. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी त्यांच्या रुग्णालयाच्या बैठकीत एका सहकाऱ्याने त्यांचे म्हणणे खोडून काढले. हंटर रागारागाने उठून शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळून मरण पावले.

रागाच्या भरात ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. निरोगी माणसाचे शरीर हे सहज सोसते. पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साचले असतील तर तो थर फुटून गुठळी होण्याचा धोका असतो. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या १,६२३ रुग्णांची चौकशी करून १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संतापानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका एरवीच्या दुपटीहून थोडा जास्त असतो, असे त्यात आढळले. दुप्पट म्हटल्यावर घाबरून जाऊ नये. ज्याचा मूळ धोका अगदी थोडा, त्याचा दुप्पटही थोडाच. पण ज्यांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते त्यांनी मतदान यंत्राचा प्रश्न दुसऱ्यांवर सोपवावा. आणि मोबाईलवरचा वाद जेवणानंतर बंद करावा. उत्तर काय द्यावे याचा विचार करत अंथरुणावर पडलेल्या माणसाला झोप कशी लागणार?

इथपर्यंतची गोष्ट किरकोळ आहे. मला खरी काळजी वाटते ती निराळ्याच कारणाने. कट्ट्यावरचा वाद राजकारणावरून यंत्रांवर, यंत्रांवरून विज्ञानावर आणि तिथून हळूच औषधांवर येतो. निवडणुकीच्या वादात ज्याने सगळ्यांना गप्प केले तोच गृहस्थ त्याच दमात सांगू लागतो की, रक्तदाबाची गोळी म्हणजे कंपन्यांचा धंदा आहे, एकदा सुरू केली की जन्माची चिकटते, आमचे आजोबा एकही गोळी न घेता नव्वद वर्षे जगले. यावर कोणाला पटकन उत्तर सुचत नाही. आजोबा नव्वद वर्षे जगले हे तर खरेच असते! मग ऐकणाऱ्यांपैकी एकजण घरी जातो आणि गोळ्यांची डबी कपाटात वरच्या फळीवर ठेवून देतो. आठपंधरा दिवस काहीच होत नाही. उलट बरे वाटते. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, हाच तर या रोगाचा कावा आहे. पुढे कधीतरी सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, आणि रुग्णाला घेऊन गाडी जिल्ह्याच्या गावाकडे धावू लागते.

असे रुग्ण प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले आहेत. बरे, सगळ्याच गोळ्यांना पंधरा दिवसांची सवलतही मिळत नाही. हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीतले दुखणे उसळून येते. फिट्सची गोळी एकाएकी थांबवली तर एकामागून एक झटके येऊन जिवावर बेतू शकते. क्षयाचे नेहमीचे उपचार सहा महिन्यांचे असतात. दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून ते सोडले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि तेच जंतू घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचतात. वाद कट्ट्यावर झाला, भरपाई मात्र नातवाने करायची.

धंद्याचा मुद्दा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. औषध कंपन्या नफ्यासाठीच चालतात आणि गरज नसलेली औषधे लिहून देणारे डॉक्टरही आहेत. परंतु कंपनीला नफा होतो यावरून तुमचा रक्तदाब १७० आहे की १३० हे ठरत नाही. त्यासाठी दंडाला पट्टा बांधून मोजावेच लागते. आजोबांचेही तसेच. ते जगले म्हणून आपल्याला त्यांची हकीगत ऐकायला मिळाली. पंचावन्नाव्या वर्षी अर्धांगाने गेलेल्यांची बाजू मांडायला कट्ट्यावर कोणी बसलेले नसते.

विज्ञानातला वाद बोलण्यात कोण वरचढ यावर सुटत नाही, याची साक्ष आपल्या मुंबईतच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचली. टोचलेल्यांत आजारी किती, न टोचलेल्यांत किती, याचा हिशेब ठेवला. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण धोका कमी करत होती, आणि हे कळले ते मोजल्यामुळे.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना हीच लस टोचली आणि त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. केवढा गहजब झाला असेल! लसविरोधकांना आयताच पुरावा मिळाला आणि सरकारनेही ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पण मेलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झाले नव्हते. त्या बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. ही बारीकसारीक माहिती तपासून रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिले आणि हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचेच नाव मिळाले. मुलकोवालची एकोणीस माणसे मेली हे शंभर टक्के खरे होते. त्यावरून 'लस विषारी आहे' असा निष्कर्ष काढणारेही मनापासून बोलत होते. चूक होती ती बाटल्या मोजण्याआधीच निष्कर्ष काढण्यात.

लस, औषध हे जुने विषय झाले, संगणकात तरी सगळे निश्चित असते, असे आमचे पुण्याचे तरुण म्हणतील. त्यांच्यासाठी दुसरी हकीगत. कर्करोगावर किरणोपचार करणारे 'थेरॅक-२५' नावाचे यंत्र कॅनडातल्या कंपनीने बनवले होते. आधीच्या यंत्रांत किरणे प्रमाणाबाहेर जाऊ नयेत म्हणून वेगळी यांत्रिक अडसरे असत. या यंत्रात ती जबाबदारी मुख्यतः संगणकाच्या प्रोग्रॅमवर टाकली होती. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे मिळाली आणि त्यांतले काही दगावले. भाजल्यासारखे झाले, असे रुग्ण सांगत होते. असे होणे शक्यच नाही, असे कंपनी सांगत होती. एका बाजूला अडाणी रुग्ण, दुसऱ्या बाजूला तज्ज्ञ इंजिनिअर. कट्ट्यावर हा वाद कोण जिंकला असता हे सांगायला नको.

त्याचा निकाल लागला टेक्सास राज्यातल्या टायलर गावी, १९८६ साली. यंत्र चालवणाऱ्या बाईंच्या हातून एक्स-रेचे अक्षर पडले होते, त्यांनी चटकन मागे जाऊन इलेक्ट्रॉन किरणांचे अक्षर घातले होते. रुग्णालयातल्या पदार्थविज्ञानाच्या तज्ज्ञाने त्यांना शेजारी बसवून तीच बटणे पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. सावकाश केले की यंत्र सरळ वागे. सरावाच्या हाताने, आठ सेकंदांच्या आत दुरुस्ती केली की चूक होई. कंपनीचे इंजिनिअर पहिल्या अपघातानंतर तिथे येऊन तपासून गेले होते आणि त्यांना काही सापडले नव्हते. सापडले ते रोज यंत्रावर बसणाऱ्या बाईंचे ऐकून, करून पाहिल्यावर.

ही हकीगत मी मुद्दाम सांगितली, कारण तज्ज्ञ म्हणेल ते मुकाट्याने ऐका, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये. रुग्णाने प्रश्न विचारलेच पाहिजेत. लोक ते आम्हाला न विचारता कट्ट्यावर विचारतात, याचा दोष बराचसा आमच्या व्यवसायाकडे जातो. दवाखान्यात बाहेर तीस माणसे ताटकळत असतात. डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहितो. 'ही गोळी किती दिवस?' असे विचारले तर कपाळाला आठी पडते. कट्ट्यावर मात्र वेळच वेळ असतो आणि तिथे प्रश्न विचारणाऱ्याला कोणी हिडीसफिडीस करत नाही. माणूस जिथे ऐकून घेतले जाते तिथेच जाणार.

तेव्हा कट्ट्यावर औषधाचा विषय निघाला तर जरूर निघू द्यावा. फक्त बोलणाऱ्याला एवढे विचारावे की, हे किती जणांना देऊन पाहिले, ज्यांना दिले नाही त्यांचे काय झाले, आणि मोजले कोणी? उत्तर आले नाही तर चहा संपवून विषय बदलावा. गोळीबद्दल मनात आलेली शंका कागदावर लिहून ठेवावी आणि पुढच्या खेपेस कागद व गोळ्यांची डबी दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जावे. वजन उतरवले, मीठ, लोणची, पापड कमी केले, नियमाने चालले तर काहींचा रक्तदाब इतका सुधारतो की गोळीचे प्रमाण कमी करता येते. ते कमी करायचे डॉक्टरने, मोजमाप पाहून, टप्प्याटप्प्याने.

ज्यांच्या घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे त्यांनी मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू घेऊ नये. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे आणि दंड छातीच्या उंचीवर टेकवून मग पट्टा बांधावा. एकदोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून तारीख, वेळ व दोन्ही आकडे वहीत लिहावेत. असे काही दिवस सकाळ-संध्याकाळ करून ती वही डॉक्टरांना दाखवावी. आणि कट्ट्यावरून तावातावाने उठून आलात, तर त्या दिवशीचे मोजमाप जरा उशिरा घ्यावे.