सीप्झच्या सिग्नलला २५ हॉर्सपॉवर!

आमच्या घरात सध्या एकच विषय गाजतोय. गाडी कोणती घ्यायची? आई म्हणते, स्कूटर घे, मुलींना तीच बरी. वर्गातली मुलं म्हणतात, ड्यूक घे, नाहीतर घेऊच नकोस. मामा (माझा सख्खा मामा, सिग्नलवरचा नव्हे!) म्हणतो, बुलेट घे, रस्त्यावर मान मिळतो. बाबा काहीच म्हणत नाहीत. ते फक्त दर रविवारी आपली स्प्लेंडर पुसतात.

ही स्प्लेंडर २००५ ची. हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते तेव्हाची. पंधरा वर्षं झाल्यावर २०२० साली तिची पुन्हा नोंदणी केली, ती पाच वर्षांची. तीही संपली. आता परत आरटीओ, परत फिटनेस, परत हरित कर. शिवाय मुलुंड ते अंधेरी आणि परत, हा प्रवास आता ती नाही, मी करते. कधी कधी मागे भांडुपची मैत्रीण डबलसीट. म्हणून नवी गाडी, आणि ती जरा दमदार हवी, असं माझंच म्हणणं होतं. होतं म्हणजे अजूनही आहे, पण ‘दमदार’चा अर्थ मधल्या काळात बदलला. तेच सांगायला हा लेख.

आधी एक शंका मिटवते, कारण ती प्रत्येक जण काढतो. ‘लोकलने का जात नाहीस?’ अहो, मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते. मुलुंडहून अंधेरीला जायचं तर दादरपर्यंत खाली या, गाडी बदला आणि परत वर जा! २०१४ साली घाटकोपर ते अंधेरी मेट्रो सुरू झाली तेव्हापासून जीव जरा सुखावला हे खरं, आणि जोराच्या पावसात मीही मेट्रोच पकडते. पण माझी संध्याकाळची शिकवणी चांदिवलीला आहे. तिथून घरी येताना मेट्रोचा काही उपयोग नाही. नव्या गाडीचा हप्ताही त्याच शिकवणीतून जाणार आहे, त्यामुळे मत द्यायचा हक्क मला आहे असं मी समजते.

तर रस्ता असा. मुलुंडहून एलबीएस मार्गाने भांडुप, कांजूर, गांधीनगर जंक्शन. तिथून जेव्हीएलआर. आयआयटी, पवई तलाव, सीप्झ, मग हायवे ओलांडून अंधेरी. जेमतेम अठरा-एकोणीस किलोमीटर. संध्याकाळी वेळ लागतो सव्वा तास. सरासरी काढा, ताशी पंधराच्या आसपास येते. सायकलवालासुद्धा फार मागे राहणार नाही! एकदा मैत्रीण मागे बसून मी किती वेळा क्लच दाबते ते मोजत होती. सीप्झपासून सुरुवात केली. दोनशे झाल्यावर तिने मोजणं सोडलं. अजून पवईसुद्धा संपली नव्हती.

आता या रस्त्यावर पॉवर किती लागते? आपण इंजिनिअर होणार आहोत म्हणे, तर एकदा हिशेब करून बघू. गाडी, मी आणि मैत्रीण मिळून २३० किलो धरा. ताशी ४० ला हवेचा आणि टायरचा मिळून विरोध साधारण ८० न्यूटन. त्याला वेगाने गुणा. चाकाशी सव्वा हॉर्सपॉवरसुद्धा पूर्ण भरत नाही. ताशी ६० ला? तीन. ४० ने तीसास एक असा पुलाचा चढ चढायचा असेल तरी अडीचच्या आत. आणि बाबांची स्प्लेंडर साडेसात देते! मला हा आकडा आला तेव्हा वाटलं, कॅल्क्युलेटर बिघडला. पुन्हा केला. तोच आला.

मग ती पुलावर डबलसीट असताना दमते का? कारण आपण एका वेगाने कधी चालतच नाही. रिक्षा मध्ये घुसते, आपण २० वर येतो, मग फट मिळते आणि तीन सेकंदांत ४० वर जायचं असतं. हा हिशेब केला तर लागतात साडेपाच हॉर्सपॉवर. स्प्लेंडर तेवढे देते, पण कधी? इंजिन किंचाळायला लागल्यावर. गर्दीत आपण असतो चार हजार आरपीएमच्या आसपास, आणि तिथे तिच्याकडे सुमारे चारच असतात. म्हणून मग खालचा गिअर, पुन्हा क्लच, पुन्हा मनगट. ज्याला आपण ‘पिकअप नाही’ म्हणतो ते हे. कमतरता टॉप स्पीडची नाही, खालच्या आरपीएमवरच्या टॉर्कची आहे.

आता ड्यूक २०० घ्या. चाकणला बनते, २०१२ साली आली, दिसते झकास, नाकारत नाही. २५ हॉर्सपॉवर, पण ते दहा हजार आरपीएमला! सीप्झच्या सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत दहा हजार आरपीएम कुणी दाखवावेत, मी त्याला कटिंग पाजेन. आणि समजा मिळाली मोकळी जागा, तरी जाणार कुठे? ज्या रस्त्यांवर ही पॉवर वापरता येईल ते आपल्यासाठी बंदच आहेत. वांद्रे-वरळी सी लिंक २००९ साली खुला झाला, दुचाकीला मनाई. २०२४ साली अटल सेतू आणि कोस्टल रोड आले, तिथेही मनाई. पुण्याचा एक्सप्रेसवे तर विचारूच नका. म्हणजे वेगाचे पैसे भरा आणि एलबीएस मार्गावर बसच्या मागे पहिल्या गिअरमध्ये उभे राहा. वर पुढे झुकून बसायचं, सगळा भार मनगटांवर. त्याच मनगटांनी क्लच दाबायचा, दोनशे अधिक कितीतरी वेळा.

मामाच्या पंथातली रॉयल एनफिल्ड हंटर ३५० मात्र मला मनापासून आवडली. चार हजार आरपीएमला २७ न्यूटन-मीटर, म्हणजे जिथे आपण रोज असतो नेमकं तिथे पंधरा हॉर्सपॉवर! हिशेबाने तीच जिंकायला हवी. पण वजन १८१ किलो. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे, आणि गाडी रोज मागे ढकलत चढावर काढावी लागते. मित्राची हंटर आणून प्रयत्न केला. माझी उंची पाच फूट दोन इंच. अर्धी काढली, मग वॉचमन काका धावत आले. धावणाऱ्या गाडीचं वजन जाणवत नाही म्हणतात ते खरंच आहे, पण उपनगरात गाडी धावते किती आणि ढकलावी लागते किती, हेही मोजायला हवं ना!

इथे थोडं विषयांतर. पल्सर २००१ साली आली तेव्हा तिची जाहिरात होती ‘डेफिनिटली मेल’. त्याआधी १९८५ ची सीडी १०० सांगायची, पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. बाबा त्या दुसऱ्या पंथातले, ॲव्हरेज हाच देव. वर्गातली मुलं जन्माने पहिल्या पंथातली, जाहिरात न बघताही. या दोन्ही पंथांत ‘बसायला कसं वाटतं’ हा प्रश्नच नाही. आराम हा विषय म्हाताऱ्यांचा, नाहीतर बायकांचा. म्हणून तर आईलाही स्कूटर सुचते. स्कूटर वाईट नाही हो, पण छोट्या चाकांनी पवईचे जुलैतले खड्डे घेऊन बघा, मग कंबरच उत्तर देईल.

आणि जुलैवरूनच खरी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात पवईजवळ पुढची कार अचानक थांबली. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक लॉक झालं, ओल्या पेव्हर ब्लॉकवर गाडी आडवी. वेग असेल ताशी तीस. मला काही झालं नाही, मैत्रिणीच्या गुडघ्याला चार टाके पडले. घरी दोघींनी वेगवेगळं खोटं सांगितलं, आणि ते त्याच रात्री पकडलं गेलं. बाबा त्या दिवसापासून गाडीबद्दल बोलत नाहीत. स्प्लेंडरचा त्यात दोष नव्हता. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक, रस्ता ओला आणि दाबणारी मी घाबरलेली.

लॉक झालेलं चाक घसरतं, फिरणारं चाक धरून राहतं, हे आपण पुस्तकात वाचतो. तो फरक राखायचं काम एबीएस करतं. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला ते सक्तीचं आहे. त्याखाली कॉम्बी ब्रेक चालतो. म्हणजे शंभरवरून दीडशेवर जाण्याचं माझं सर्वांत मोठं कारण इंजिन नाहीच, पुढच्या चाकापाशी बसवलेलं ते दातेरी चक्र आहे. ‘मोठी गाडी म्हणजे जास्त धोका’ असं आई म्हणते. धोका उजव्या मूठीत असतो हे मान्य, पण मोठ्या गाडीबरोबर ब्रेकही मोठा येतो हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तर माझं मत पडलं होंडा युनिकॉर्नवर. हसा! काकांची गाडी म्हणून हसा. २००४ साली मागे एकच शॉकॲब्झॉर्बर घेऊन आली तेव्हापासून ती काकांचीच आहे. पण सीट सरळ, लांब, दोघींना पुरेशी. पाठ ताठ, हात मोकळे. वजन १४० च्या आसपास. इंजिन आता १६२ सीसीचं, टॉर्क सुमारे १४ न्यूटन-मीटर. चार हजारांवर बारा धरले तरी साडेसहाच्या वर हॉर्सपॉवर मिळतात, म्हणजे माझे साडेपाच आले. गिअर न बदलता! पुढच्या चाकाला एबीएस आहे. उतारावरून मी ती एकटीने काढली. वॉचमन काका खुर्चीतून उठलेही नाहीत.

एकच अडलंय. टेस्ट राइड मिळाली ती शोरूमच्या मागच्या रिकाम्या गल्लीत, दुपारी तीन वाजता, एकटीला. अशा गल्लीत कुठलीही गाडी विमानासारखीच वाटते! तुम्ही घेणार असाल तर आपल्याच रस्त्यावर, आपल्याच वेळी, मागे कुणाला तरी बसवून चालवू द्या म्हणून हटून बसा. मी बसले. सेल्समन आधी हसला, मग मॅनेजरला विचारून आला. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला गांधीनगरपर्यंत नेऊन आणायची परवानगी मिळाली आहे.

जेवताना हे सांगितलं तेव्हा बाबांनी मान वर केली. म्हणाले, ‘मागे मी बसतो.’

२०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटशिवाय दंड आहे. मैत्रिणीचं त्यांच्या डोक्यात जात नाही, म्हणून काल स्टेशनबाहेरून एक मोठ्या मापाचं आणलं.