पाणी कुठवर येणार, ते सांगा

‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

पूर्व विदर्भात पावसाळ्यात हे वाक्य मोबाइलवर इतक्या वेळा येतं की बोट आपोआप पुढे सरकतं. वर धरणाचं नाव, किती दरवाजे किती मीटरने उघडले, विसर्ग किती क्युमेक. माहिती खरी असते. पण मौद्यात कन्हानच्या काठी राहणाऱ्या माणसाला त्यातून एवढंही कळत नाही की पाणी त्याच्या दारात येणार का, आणि येणार असेल तर किती वाजता. सतर्क राहायचं म्हणजे करायचं काय? रात्रभर जागायचं?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एखाद्या प्रोग्रामने वापरणाऱ्याला न कळणारा आकडा दाखवला, तर त्याला बग म्हणतात आणि लिहिणाऱ्याला तो दुरुस्त करावा लागतो. पुराच्या बाबतीत मात्र न समजणाऱ्यालाच अडाणी ठरवलं जातं. ‘लोक ऐकतच नाहीत हो,’ हे साहेबांचं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. म्हणून या लेखात एकच गोष्ट मांडतोय: ज्या पूर-मॉडेलचं उत्तर बुडणाऱ्या माणसाच्या मापात येत नाही, ते मॉडेल पूर्ण झालेलं नाही. त्याचं उद्घाटन करू नये.

आधी मौदा कुठे आहे ते बघा. कन्हान मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातपुड्यात उगम पावते. कामठीजवळ बिना इथे तिला पेंच आणि कोलार मिळतात. मग ती मौद्यावरून पुढे जाते आणि कुही तालुक्यात आंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ जिथे लिहिला असं मानतात, तेच हे आंभोरा. आता तिथपर्यंत गोसीखुर्द धरणाचा फुगवटा असतो.

म्हणजे मौद्याचं पाणी तीन ठिकाणी ठरतं. वर पेंच नदीवर चौराई, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं आहेत. कन्हानच्या मुख्य प्रवाहावर तोतलाडोहच्या तोडीचं धरण नाही, त्यामुळे छिंदवाड्याकडे पडलेला पाऊस तिच्यातून जवळपास जसाच्या तसा खाली येतो. आणि पुढे वैनगंगा आधीच फुगलेली असेल, तर कन्हानचं पाणी लवकर ओसरत नाही. एका धरणाच्या विसर्गाचा आकडा यातला फक्त एक तुकडा सांगतो. तीनही तुकडे जोडून पातळी काढणं, हेच तर मॉडेलचं काम. आपल्याकडे तो हिशोब गावकऱ्याने घरी बसून डोक्यात करावा अशी अपेक्षा आहे.

आता दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह इतकं आटलं होतं की नागपूर महापालिकेला आठवड्यातले काही दिवस पाणी बंद ठेवावं लागलं. पुढच्याच वर्षी, २९ आणि ३० ऑगस्ट २०२० ला, पेंचवरच्या धरणांमधून प्रचंड पाणी सोडावं लागलं. पारशिवनी, कामठी, मौदा, कुही या तालुक्यांतली काठावरची गावं पाण्यात गेली. मग तो पूर वैनगंगेत उतरला, भंडारा शहरात शिरला, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले गेले आणि ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडची गावं बुडाली. घरोघरी गणपती बसलेले होते, कोरोनाचे दिवस होते आणि धानाची रोवणी झालेली होती.

ही दोन वर्षं एकमेकांपासून वेगळी नाहीत. आटलेल्या धरणाची धास्ती बसली की पुढच्या वर्षी ते लवकर भरून ठेवावंसं वाटतं. आणि ऑगस्टअखेर धरण काठोकाठ भरलेलं असताना वरून पूर आला, तर जेवढं पाणी येतंय तेवढं खाली सोडण्यावाचून पर्याय उरत नाही. म्हणून धरणासाठी वेळापत्रक असतं: कोणत्या तारखेला ते किती भरलेलं असावं आणि किती रिकामं ठेवावं. इंग्रजीत त्याला रूल कर्व्ह म्हणतात. दिसायला ती एक रेघ. पण त्या रेघेत नागपूरच्या नळाला किती आणि मौद्याच्या उंबऱ्याला किती, याची वाटणी असते. धरण थोडं रिकामं ठेवलं आणि सप्टेंबरात पाऊस दडी मारून बसला, तर शहर अधिकाऱ्याला फाडून खातं. धरण भरून ठेवलं आणि गावं बुडाली, तर दोष ‘अभूतपूर्व पावसा’वर जातो. अशा हिशोबात कुठलाही माणूस काय निवडेल? ही वाटणी गुपचूप होऊ नये. ज्याच्या घरावर ती रेघ ओढलीय, त्याला ती दिसली तरी पाहिजे.

माप म्हणजे काय, हे सांगलीकरांना विचारा. तिथे पावसाळ्यात लोक एकमेकांना विचारतात, ‘आयर्विनला किती झालं?’ आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३. रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना आपली गल्ली किती फुटांना बुडते ते तोंडपाठ असतं. याला मी सार्वजनिक माप म्हणतो.

मग २०१९ ला सांगली का फसली? लोकांकडे मागच्या पुराची खूण होती, पण येणाऱ्या पुराचा आकडा त्याच मापात, पुरेसा आधी मिळाला नाही. २००५ ला आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. कित्येकांनी तीच शेवटची रेघ धरली: तेव्हा इथवर आलं होतं, याच्या वर येत नाही. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि माणसं बुडाली. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने पूरनियंत्रणाची संगणकीय प्रणाली त्याआधीच उभी राहिली होती, हे लक्षात घ्या. मॉडेल नव्हतं असं नाही. ‘२००५ च्या खुणेपेक्षा चार फूट वर, परवा सकाळी’ हे वाक्य दारापर्यंत पोचलं नाही.

आता आमच्या जमातीकडे वळतो. पूर आला की पंधरा दिवसांत कुठेतरी हॅकेथॉन होते, आणि त्यात ‘एआय आधारित फ्लड अलर्ट अॅप’ बक्षीस घेतं. पुढच्या पावसाळ्यात ते प्ले स्टोअरवर सापडत नाही. मोठ्या पातळीवरचं काम नक्कीच भारी आहे. गूगलने २०१८ मध्ये पाटण्यापासून पुराचे अंदाज द्यायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये त्यांचा मशीन लर्निंगवरचा पेपर ‘नेचर’मध्ये आला. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘सी-फ्लड’ सुरू केलं. पुण्याच्या सी-डॅकने आणि केंद्रीय जल आयोगाने बनवलेली ही प्रणाली कुठे किती पाणी चढेल याचा दोन दिवस आधीचा अंदाज गावपातळीवर देते. पहिल्या टप्प्यातल्या तीन खोऱ्यांत गोदावरी आहे. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला. म्हणजे कागदावर मौदाही त्यात येतो.

पण नकाशावर निळा रंग दिसणं म्हणजे इशारा मिळणं नव्हे. पुरात आधी वीज जाते, मग टॉवर बंद पडतो, मग फोनची बॅटरी. शिवाय सपाट प्रदेशात एका मीटरच्या फरकाने अख्खा मोहल्ला कोरडा राहतो किंवा बुडतो. उपग्रहावरून काढलेल्या मोफत उंची-नकाशांत काही मीटरची चूक सहज असते. ती कशी सुधारायची? मागच्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं, कोणत्या खांबाला टेकलं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं. अभियांत्रिकीच्या भाषेत याला कॅलिब्रेशन डेटा म्हणतात. तो गोळा करायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही, गावात जावं लागतं.

आणि मौद्यासाठी सगळंच शून्यातून करायचंय असंही नाही. कन्हानवर वरच्या बाजूला रामाकोना आणि सत्रापूर इथे केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं आहेत. वरच्या केंद्रावर पाणी इतकं असेल तर खालच्या ठिकाणी किती तासांनी किती चढेल, हे जुन्या नोंदींवरून काढायची पद्धत संगणक येण्याच्या आधीपासून वापरात आहे. पहिला अंदाज साध्या एक्सेलमध्येही बसेल. मोठी मॉडेल्स त्यात पुढे सुधारणा करतील.

मापाचा असाच घोळ पूररेषेतही आहे. आपल्या राज्यात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ऐकणाऱ्याला वाटतं, २०२० ला येऊन गेला, आता नातवांच्या वेळी येईल. खरा अर्थ वेगळा आहे: निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के, लाल रेषेपर्यंत १ टक्का. मागच्या वर्षी पूर आला म्हणून ती कमी होत नाही. तुम्ही ३० वर्षांचं गृहकर्ज काढून लाल रेषेवर घर बांधलंत, तर हप्ते फिटायच्या आत पाणी एकदा तरी दारात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. निळ्या रेषेवर ती ७० टक्के. हा हिशोब बिल्डरच्या ब्रोशरमध्ये नसतो.

यावर दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं: नेमकी पातळी सांगितली आणि चुकली तर लोक विश्वास ठेवणार नाहीत. मग नेमकी सांगू नका, पल्ला सांगा. ‘कमीत कमी शाळेच्या पायरीपर्यंत, जास्तीत जास्त खिडकीपर्यंत, पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान.’ हवामान खातं चुकतं तरी पेरणीआधी आपण त्याचा अंदाज बघतोच. दुसरं उत्तर: लोक घाबरतील. घाबरू द्या की! काठावरचा मोटारपंप काढायला, ढोरं सोडायला, धान्य वर चढवायला, आजीला पाहुण्यांकडे पोचवायला वेळ हवा असतो. वेळेवर घाबरलेला माणूस वाचतो. आज जे चाललंय त्यात तो मध्यरात्री घाबरतो, तेही पाणी पायाला लागल्यावर.

म्हणून मागण्या तीन, आणि तिन्ही स्वस्त. एक: काठावरच्या प्रत्येक गावात शाळा, ग्रामपंचायत, मंदिर अशा भिंतींवर मागच्या पुरांच्या खुणा आणि फुटांची पट्टी रंगवा, आणि पुढचा प्रत्येक इशारा त्याच फुटांत, वेळेसकट द्या. भोंग्यावरून सांगता येईल असा. दोन: पेंचवरच्या आणि गोसीखुर्दच्या धरणांचं भरण्याचं वेळापत्रक पावसाळ्याआधी मराठीत गावोगावी लावा. तीन: प्रत्येक पुरानंतर महिन्याभरात अंदाज काय दिला होता आणि प्रत्यक्षात काय झालं, हे शेजारी-शेजारी छापा. सॉफ्टवेअर कोसळलं की आम्ही अशी चिरफाड लेखी करतो. पुरात तर घरं कोसळतात.

तिसरी मागणी हवेतली वाटत असेल, तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा वाचा. धरणाच्या मालकाने आणीबाणीचा कृती आराखडा करावा, असं त्यात लिहिलंय. जुन्या धरणांना पाच वर्षं दिलीत, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६ ची. कोणत्या गावाला इशारा कसा द्यायचा, हे ठरवायची जागा तोच आराखडा आहे. तुमचं गाव कन्हान, वैनगंगा, कृष्णा, पंचगंगा, कुठल्याही नदीच्या काठी असो, ग्रामसभेत ठराव मांडा आणि माहिती अधिकारात अर्ज टाका. विचारायचं एकच: आमच्या गावासाठी त्यात काय लिहिलंय, आणि ते किती फुटांत लिहिलंय?