पाखडताना सांडलेले दाणे

परवा पिशोरला गेलो होतो. चहा होतोय तोवर काकांनी प्लास्टिकची पिशवी पुढ्यात रिकामी केली. सातबारा, आधार, पासबुक. "तू कंप्युटरमधला ना? मग हे बघ बरं."

बघितलं. सातबाऱ्यावर त्यांच्या नावाला 'बा' लागलाय, आधारवर 'राव', पासबुकात नुसतंच नाव. गावात कुणालाही विचारा, माणूस एकच! पण पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये बंद. एका कार्यालयात उत्तर मिळालं, "कंप्युटर मॅच करत नाही." म्हणजे आता काकांनी प्रतिज्ञापत्र करायचं की या तिन्ही नावांचा इसम मीच.

गंमत म्हणजे पुण्यात मी हेच काम करतो. ईटीएल म्हणतात त्याला. दहा ठिकाणची माहिती काढायची, एका साच्यात बसवायची आणि डेटा वेअरहाऊसमध्ये भरायची. आपल्याकडे मका काढतात, पाखडतात, कणगीत भरतात, तसंच. खरी मेख मधल्या पाखडण्यात असते. 'बा' आणि 'राव' एकच की दोन, हे तिथं ठरतं. आणि ते कंप्युटर ठरवत नाही मंडळी, नियम लिहिणारा माणूस ठरवतो!

आमच्याकडे साच्यात न बसलेल्या ओळी वेगळ्या तक्त्यात जातात, कारणासकट. रोज सकाळी कुणीतरी तो तक्ता उघडतो. कंपनीची पाच बिलं गळाली तरी फोन येतो. मग शेतकऱ्याची ओळ गळाली तर त्यानंच का शोधायची?

हे नवीनही नाही. २०१७ च्या कर्जमाफीत बँकांकडून आलेल्या माहितीत एकच आधार क्रमांक कितीतरी शेतकऱ्यांपुढे निघाला होता. चूक भरणाऱ्याची, थांबला शेतकरी.

कुणी म्हणेल, जुनं दप्तर काय धुतल्या तांदळाचं होतं? मान्य! १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळायला लागला, हे सुखच आहे. २०१७ मध्ये संगणकातले सातबारे गावोगाव चावडीवर वाचून दाखवले, ते तर फारच शहाणपणाचं. नियम कडक हवेत, हेही मान्य. नाहीतर एकाच्या नावावर दुसराच पैसे उचलेल.

पण कडक असणं वेगळं आणि हात झटकणं वेगळं. महसूल अधिनियमाचं कलम १५५ बघा. तपासणीत अधिकाऱ्याला स्वतःला चूक दिसली, तर संबंधितांना नोटीस देऊन ती दुरुस्त करता येते. म्हणजे १९६६ च्या कायद्यालाही कळत होतं की चूक शोधणं हे दप्तर सांभाळणाऱ्याचंही काम आहे. हाच न्याय आधार, बँक आणि सातबारा जोडणाऱ्यांनाही लावा ना! अडलेल्या नावांची यादी, प्रत्येकापुढे कारण आणि ती सोडवणाऱ्याचं पद, एवढं चावडीवर लावा. निम्मी नावं गावच तासाभरात जुळवून देईल.

आमची आजी पाखडताना सुपाबाहेर उडालेले दाणे एकेक करून वेचायची. दाण्यांना कधी अर्ज करावा लागला नाही.

असो. काकांचं प्रतिज्ञापत्र करून आलो. तुमच्या घरात कुणाचा असा 'बा'चा 'राव' झालाय का? जरूर लिहा.