वृद्धाश्रम : एका शब्दाची किंमत

काही काळापूर्वी आमच्या शहरातील एका महाविद्यालयात मराठी साहित्यातील वार्धक्य या विषयावर चर्चासत्र झाले. निबंध वाचले गेले, 'मावळती', 'सांजवेळ', 'पिकले पान' या शब्दांची यथेच्छ उधळण झाली आणि समारोपात अध्यक्षांनी कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासाबद्दल खंत व्यक्त केली. त्या उधळणीत आमचाही निबंध होता, हे आधीच कबूल केलेले बरे.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहराबाहेरच्या एका खासगी वृद्धाश्रमात आमच्या जुन्या सरांना भेटायला गेलो. पक्षाघातानंतर ते अंथरुणाला खिळलेले. चादर बाजूला केली तेव्हा कमरेखाली तळहाताएवढी जखम दिसली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलली असती तर ती बहुधा झालीच नसती. कूस बदलण्याचे काम ज्या मावशींकडे होते त्यांच्याकडे रात्रपाळीत अशीच आणखी चौदा माणसे होती. जखम केव्हा दिसली, डॉक्टर केव्हा येऊन गेले, याची नोंद कुठेही नव्हती. सरांच्या मुलीला आम्ही म्हणालो, लेखी तक्रार कर. ती म्हणाली, "कोणत्या तोंडाने करू? इथं आणून ठेवलं ते मीच ना?"

प्रस्तुत लेखाचा विषय हे वाक्य आहे. हे वाक्य तिचे एकटीचे नाही. ते तिच्या तोंडी घालण्यात आमच्या भाषेचा, आमच्या साहित्याचा आणि आम्हा मास्तरांचा वाटा आहे, असा आमचा आरोप आहे.

आधी शब्दाकडे पाहू. आश्रमव्यवस्थेतील वानप्रस्थ हा स्वेच्छेचा होता. तिथे जाणारा माणूस आपल्या पायांनी जात असे. आजच्या वृद्धाश्रमात अनामत रक्कम असते, मासिक शुल्क असते, डायपरचा खर्च वेगळा असतो आणि 'काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही' असे हमीपत्रही असते. म्हणजे व्यवहार उघड विक्रीचा, आणि नाव मात्र तपोवनाचे. आश्रमात शुल्क नसते, दान असते; नोकर नसतात, सेवेकरी असतात; आणि दानाचा हिशेब मागणारा माणूस आपल्याकडे क्षुद्र ठरतो. शासनानेही हीच भाषा उचलली. 1995मध्ये राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम उभारण्याची योजना आली तिचे नाव 'मातोश्री'. हेतू चांगला असेलही. परंतु ज्या दारावर आईचे नाव आहे, त्या दारात उभे राहून 'रात्रपाळीला परिचारिका किती?' असे विचारणे कुणाला जमणार?

आता साहित्य. 1970 साली शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले आणि इस्टेट मुलांच्या नावे करून बेघर झालेला बाप मराठी मनात कायमचा घर करून राहिला. दळवींच्या 'संध्याछाया'ने दूर गेलेल्या मुलग्यांची वाट पाहणारे जोडपे दिले. या नाटकांच्या थोरवीबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो पन्नास वर्षे आपण ती कशी वाचली आणि शिकवली याबद्दल. आपण त्यांतून एकच निष्कर्ष काढला: म्हातारपणाच्या दुःखाचा आरोपी म्हणजे अपत्य. पुढे कथा, एकांकिका, दिवाळी अंक, वक्तृत्वस्पर्धा या सर्वांनी तोच आरोपी पुन्हा पुन्हा उभा केला. मुलीने बापाला वृद्धाश्रमात ठेवले की कथा संपते. मधल्या जेवणात काय मिळाले, औषध कोणी दिले, रात्री हाक मारली तर कोण आले, हे प्रश्न आपल्या कथेत येतच नाहीत. परिणामी कुटुंबाच्या मनात अपराधभाव इतका खोल रुजला की तोच संस्थाचालकाचा सर्वांत स्वस्त पहारेकरी झाला. ज्याला स्वतःची लाज वाटते, तो दुसऱ्याला जाब विचारत नाही.

कायद्यानेही काही वेगळे केले नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 हा जणू 'नटसम्राट' पाहूनच लिहिला आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, कलम 23अन्वये परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2025च्या आरंभी उर्मिला दीक्षित प्रकरणात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. बेलवलकरांना आज निदान अर्ज करता आला असता. हे सर्व योग्यच आहे. आमच्या मराठवाड्यातील लातूर जिल्हा परिषदेने तर 2020च्या अखेरीस आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कपातीचा ठराव केला. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या अशा 12 जणांत 6 शिक्षक होते, ही गोष्ट आम्हा मास्तरांनी विसरू नये.

मात्र याच 2007च्या कायद्याला मुले दिसतात तितकी संस्था दिसत नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम, असे कलम 19 म्हणते. पण 'राज्य शासन स्थापन करू शकेल' या क्रियापदातील 'शकेल'मध्ये सारे जिल्हे मावतात. कलम 24 ज्येष्ठाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी टाकून जाणाऱ्याला शिक्षा सांगते. खाटेवर ठेवून, शुल्क घेऊन, कूस न बदलणाऱ्याला ते लागू करणे अवघड. ज्येष्ठांच्या निवासी संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि 2024मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. त्यासाठी कुणी एकांकिका लिहिली नाही.

तरीही कुटुंबाच्या हाती काहीच नाही, असे नाही. 1949चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम घ्या. नर्सिंग होम म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे प्रसूतिगृह किंवा छोटे खासगी रुग्णालय येते. परंतु या कायद्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्यासोबत दुर्बलतेने ग्रासलेल्या व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा देणारी जागाही येते. जो 'आश्रम' अंथरुणाला खिळलेल्यांना शुल्क घेऊन ठेवतो, नळीने अन्न देतो, जखमेची मलमपट्टी करतो, त्याने नोंदणी का करू नये, हा प्रश्न महापालिकेला लेखी विचारता येतो. एकदा नोंदणी आली की 2021च्या सुधारित नियमांतील रुग्णहक्कांची सनदही येते. जाता जाता एक नोंद: 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. रात्रीची हाक ज्या घरात ऐकली जात नाही, त्याला हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही.

डॉक्टरांनी ठेवलेल्या उपचारांच्या नोंदी मागितल्यापासून 72 तासांत मिळाल्या पाहिजेत, हे वैद्यक परिषदेचे 2002चे विनियम सांगतात. शुल्क दिले असेल तर ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. पैसे मुलीने भरले आणि सेवा बापाला मिळायची असेल, तर तोही ग्राहक. त्याच्या मृत्यूनंतर वारसाला तक्रार करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. 'संस्था जबाबदार नाही' हे हमीपत्र म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. 2019च्या कायद्याने अनुचित करार ही संकल्पनाच दिली असून त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येते. विनामूल्य ठेवलेल्या निराधारांना हा मार्ग बहुधा बंद असतो, म्हणजे जो सर्वांत दुबळा तो सर्वांत उघडा. संस्था सार्वजनिक न्यास असल्यास त्याने, किंवा त्याच्या वतीने कुणीतरी, धर्मादाय आयुक्तांचे दार ठोठवावे.

आणि एक विस्मृतीत गेलेले कलम. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार करून ती हेतुपुरस्सर न करणे हा गुन्हा आहे. 1860च्या दंडसंहितेत हे कलम 491 होते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 357 झाले आणि दंडाची मर्यादा 5,000 रुपये. दीडशेहून अधिक वर्षांत असहाय माणसाच्या उपेक्षेची किंमत आपण एवढीच वाढवली. तरी कलम आहे, आणि त्यात 'करार' हा शब्द आहे. 'सेवा' हा शब्द उच्चारून तो पुसता येत नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, अशी तगादेबाजी झाली तर चांगल्या संस्थाही बंद पडतील. चांगली संस्था नोंदवहीला घाबरत नाही. उलट पंधरा माणसांमागे एक मावशी ठेवणाऱ्याच्या स्वस्ताईपुढे आज तीच टिकत नाही. त्या मावशींवर आमचा रोखही नाही. त्यांना तुटपुंज्या पगारात अशक्य काम सांगणाऱ्यावर आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: ज्यांनी स्वतः सांभाळले नाही, त्यांनी हक्क कसले सांगावेत? उत्तर असे की हा हक्क मुलांच्या पुण्याईतून आलेला नाही. तो त्या खाटेवरच्या माणसाचा आहे, मुले केवळ त्याची वाचा आहेत. नालायक मुलाच्या बापालाही जखम न होऊ देण्याचा हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये अश्विनीकुमार प्रकरणात ज्येष्ठांचे सन्मानाने जगणे, निवारा आणि आरोग्य हे घटनात्मक हक्क मानले. त्यात 'मुले सद्गुणी असल्यास' अशी अट नाही.

सरांच्या मुलीने अखेर पत्र लिहिले. पहिल्या मसुद्याची सुरुवात होती, 'आपण बाबांची जी सेवा करता त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.' ती ओळ आम्ही खोडली. तिच्या जागी तारीख, खोली क्रमांक, जखमेचे माप, भरलेल्या शुल्काच्या पावत्या आणि चार प्रश्न आले. पोच घेतली. आठवड्याभरात हवेची गादी आली, डॉक्टर आले आणि खाटेला एक वही टांगली गेली. सर फार बरे झाले असे नाही. पण आता त्यांची कूस बदलल्याची वेळ त्या वहीत लिहिली जाते.

उपयोजित मराठीच्या प्रश्नपत्रिकेत आपण वर्षानुवर्षे अनियमित पाणीपुरवठ्याचे तक्रारपत्र लिहून घेतो. पुढच्या सत्रात एक पत्र बदलून पाहावे: 'आपले नातेवाईक ज्या वृद्धाश्रमात आहेत, तेथील व्यवस्थापकास देखभालीच्या नोंदी मागणारे पत्र लिहा.' आणि उत्तरात कृतज्ञतेची पहिली ओळ आली, तर एक गुण कापावा.