दुसऱ्या आवाजाला स्टेज कधी मिळणार?

विरार लोकलच्या डब्यात सकाळी टाळांच्या गजरात भजन रंगतं आणि रविवारी वसईच्या चर्चमध्ये चार आवाजांचा गायनवृंद उभा राहतो. मिळून गाण्याच्या दोन जित्या परंपरा एकाच शहरात नांदताहेत. भजनी मंडळाचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. चर्चमधल्या गाण्याकडे मात्र ‘त्यांचं प्रार्थनेचं गाणं’ म्हणून पाहिलं जातं आणि विषय तिथेच संपतो. मी तरुणपणापासून याच वृंदात टेनर गात आलोय. त्या हक्काने सांगतो, हे नुसतं प्रार्थनेचं गाणं नाही. ती एक मराठी गायनकला आहे आणि तिला चर्चबाहेरचा मंच मिळायला हवा.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका समूहगान स्पर्धेत मराठी गीत चार आवाजांत गायलो. परीक्षक भले माणूस. नंतर जवळ येऊन म्हणाले, “छान होतं हो, पण सगळे एका सुरात आले असते तर नंबर लागला असता.” आम्ही महिनाभर घाम गाळला होता तो सगळे एका सुरात येऊ नयेत म्हणूनच! त्यांना दोष देत नाही. गुणपत्रिकेत ‘एकसूरता’ असाच रकाना होता.

चार आवाज म्हणजे काय, ते आमच्या तालमीत येऊन बघावं. बायकांचे दोन आवाज, सोप्रानो आणि आल्टो. पुरुषांचे दोन, टेनर आणि बास. गाण्याची चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे. बाकीच्यांनी तिच्याखाली आपापली वाट धरायची. मागे एक कॉलेजातला पोरगा नव्याने टेनरला आला. त्याच्या वाट्याला आलेल्या ओळीत बराच वेळ एकच सूर होता, मग अर्धी पायरी खाली आणि पुन्हा वर. दोनदा म्हणून तो वैतागला. “काका, ह्याला काय गाणं म्हणायचं? घरी म्हटलं तर आई विचारेल, बरं नाही का तुला.” मी त्याला म्हटलं, “थांब जरा.” बास खालून आला, आल्टोने मधला गंधार धरला, वर चाल सुरू झाली. पोराचा तोच कंटाळवाणा सूर मध्ये जाऊन बसला आणि खोली भरून गेली. पोरगा हसला. त्यानंतर त्याने एकही तालीम चुकवली नाही. हार्मनीतला दुसरा आवाज असाच असतो. एकट्याला ऐकलं तर काहीच नाही, काढून घेतला तर गाणं पोकळ.

वसईत हे आलं चर्चमधून. पोर्तुगीज १७३९ साली गेले, पण त्यांच्यामागून चर्चसंगीत राहिलं. पूर्वी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेची दारं उघडली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी आली. इथल्या वृंदांनी मराठी शब्द चार आवाजांत बसवले. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, जोडाक्षर कुठे तोडायचं आणि श्वास कुठे घ्यायचा हे ठरवून. हे काम कुठल्या संगीत विद्यालयाने केलेलं नाही. दिवसा वाडीत, बँकेत, रेल्वेत राबणाऱ्या माणसांनी रात्रीच्या तालमींत केलं आहे.

हौशी माणसांच्या गाण्यातून मोठी कारकीर्द उभी राहू शकते का? अमेरिकेतल्या मिल्स ब्रदर्सचं उदाहरण घ्या. ओहायो राज्यातल्या पिक्वा या छोट्या गावचे हे चार कृष्णवर्णीय भाऊ. वडील न्हावी, आणि स्वतःही चार आवाजांच्या चमूत गाणारे. पोरं चर्चमध्ये गाऊन तयार झाली. सोबतीला एकच गिटार. ट्रम्पेट, ट्यूबा ही वाद्यं ते तोंडाने आणि ओंजळीने काढत. ती इतकी हुबेहूब की या गाण्यात गिटारखेरीज दुसरं वाद्य नाही, असं रेकॉर्डवर छापावं लागे. १९३१ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड गाजली. १९३६ मध्ये थोरला जॉन गेला. बासचा आवाज त्याचा. दुसरा एखादा चमू तिथेच मोडला असता. इथे खुद्द वडील मुलाच्या जागी उभे राहिले. त्यानंतर १९४३ मध्ये ‘पेपर डॉल’ हे गाणं बारा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे वडील निवृत्त झाल्यावर उरलेले तिघे गात राहिले. नाव टिकलं ते पन्नास वर्षांहून अधिक काळ, कारण ते कुणा एकाच्या गळ्यावर उभं नव्हतं.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. टीव्हीवरच्या स्पर्धांपासून गणपतीतल्या कार्यक्रमांपर्यंत सगळा शोध एका गळ्याचा. बाकीचे ‘कोरस’. तरी मुंबईत वेगळे प्रयत्न झालेच. व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये परांज्योती अकॅडमी कोरस सुरू केला, त्यांच्यानंतर कुमी वाडिया यांनी तो अनेक दशकं चालवला. सलिल चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर उभा करून भारतीय चालींना अनेक आवाजांत गायला लावलं. म्हणजे वाट मळलेली आहे. मराठीने तिच्यावर चालायचं मनावर घेतलं नाही, इतकंच.

यावर जाणकार म्हणतील, आपलं संगीत रागाचं. मींड, श्रुती, एका षड्जाभोवतीची बढत. त्यात चार आवाज घातले की राग विस्कटतो. खरं आहे. यमनचा ख्याल कुणी चार आवाजांत गाऊ नये. पण मराठीत सगळंच काही ख्याल नाही. ओव्या आहेत, कोळीगीतं आहेत, आमच्याकडे लग्नात बायका म्हणतात ती सामवेदी बोलीतली गाणी आहेत. या सोप्या, सरळ चालींना दुसरा-तिसरा आवाज सहज पेलतो. आम्ही पेलून पाहिलाय.

वेळ मात्र फार नाही. तरुण मुलं कॅनडाला, आखातात, जहाजावर जातात. सोप्रानोला मुली मिळतात, टेनर आणि बासच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. ज्या कलेला रविवारपलीकडे वाव नाही, तिच्यासाठी मुलांनी तरी आठवड्याच्या रात्री का द्याव्यात?

म्हणून मागणं साधं आहे. इथले महोत्सव भरवणाऱ्यांनी समूहगानात बहुस्वरी गायनाचा वेगळा गट ठेवावा आणि त्याला हार्मनी समजणारा परीक्षक द्यावा. संगीतकारांनी चार आवाजांसाठी नवी मराठी गाणी लिहावीत, स्वरलिपीसकट, म्हणजे ती शाळांपर्यंत जातील. आणि वृंदांनीही चर्चचा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडावा. भजनी मंडळातला एखादा खणखणीत बास आमच्यात येऊन उभा राहिला तर आम्हाला आनंदच आहे. तालमीला जागा आहे, शिकवायला माणसं आहेत. ज्याला सूर धरता येतो आणि शेजाऱ्याचा सूर ऐकायची तयारी आहे, त्याने यावं.